नवव्या पानावरची शेळी

नुकूसहून संपादकांचा फोन आला:
"बिबिजमाल, बाकी सगळं झकास,
पण शेवटच्या पानावर समुद्र परत आणा.
आठ वर्षांची मुलं आहेत हो वाचणारी."

मी खिडकीतून पाहिलं.
मुयनाकला खिडकीतून जे दिसतं तेच दिसलं:
वाळू, उंटकटारा,
आणि कुशीवर झोपलेली एक गंजकी बोट,
जिच्या पोटात पोरं लपाछपी खेळतात.
समुद्र शंभराहून जास्त किलोमीटर मागे सरकलाय.
त्याला कुठल्या तोंडानं बोलावू?

माझ्या भावाचं, सार्सेनबायचं, उलटं.
मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात
कुलूप लागेपर्यंत होता तो.
"खरं लिही," तो खोकत म्हणतो,
"वाऱ्यात मीठ असतं, लिही.
आईच्या अंगात रक्त नव्हतं, लिही.
आपल्या लहानपणीच्या पुस्तकात होतं ना,
वाळवंटात कापूस फुलेल
आणि मग सगळं छान होईल?
फुलला की कापूस.
छान झालेलं बघ, बाहेर पसरलंय."

मी दोन्ही शेवट लिहून पाहिले.
एकात इतकं निळं ओतलं
की चित्रकाराची बाटली संपली असती.
दुसऱ्यात मुलगा बोटीखाली बसून राहतो. बस.
पहिला वाचून स्वतःचीच लाज वाटली.
दुसरा वाचून उठले
आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

गुरुवारी, वाचनाच्या तासाला,
शेगडीभोवती अकरा पोरं.
शेवट सोडून सगळी गोष्ट वाचली
आणि विचारलं, आता काय व्हावं?
खरं सांगते, मला कौल हवा होता,
डावा की उजवा.

कुणी बोलेना.
मग मागून ताझागुल,
जिचे वडील अल्माटीत विटा रचतात
आणि दर नवरोजला येतो म्हणतात,
नाक बाहीला पुसत म्हणाली:
"शेळी कुठंय?"

कुठली शेळी?

"नवव्या पानावरची. एका शिंगाची.
बोटीच्या शिडीला बांधली होती.
मग वादळ आलं, सगळे घरी पळाले.
तिला सोडलं का कुणी?"

मी पानं उलटली.
होती खरी.
मीच बांधली होती, चित्र बरं दिसावं म्हणून,
आणि समुद्र आणू की नको या घोळात
साफ विसरले होते.

"बरं, पण समुद्राचं काय?" मी चिवटपणे म्हटलं.
त्यांनी खांदे उडवले.
एक जण म्हणाला, "तो तुमचा होता ना?"

त्या रात्री वीज गेली होती.
मेणबत्तीपाशी बसून शेळी शोधली.
डोळे मिठानं लाल, ओठ फुटलेले,
दोर दातांनी कुरतडलेला.
पुरता कुरतडलेला लिहिणार होते,
हात आखडला.
अर्धाच ठेवला.
मुलगा कंदील घेऊन परत निघतो.
आई दारातून ओरडते, तेही लिहिलं.
कंदील दोनदा विझतो.
तो घाबरून रडतो, आणि रडत रडत चालतो.
गाठ ओली, बोटं गार,
सुटत नाही, सुटत नाही,
दोन पानं नुसती गाठच आहे.

संपादक फोनवर थबकले.
"दोन पानं गाठ? आणि समुद्र?"
"समुद्राला मी शब्द दिला नव्हता," मी म्हटलं.
"शेळी मी बांधली होती."
पलीकडे बराच वेळ फक्त खरखर.
मग म्हणाले, "एक पान करा. कागद महागलाय."

पुढच्या गुरुवारी ताझागुलनं
गाठीचा भाग दोनदा वाचायला लावला.
दुसऱ्या वेळी तिची बोटं
मांडीवर हलत होती, काही तरी सोडवत.
मग विचारलं,
"घरी आल्यावर दूध दिलं का तिनं?"

मला माहीत नव्हतं.
म्हटलं, थांब,
बघून येते.